लागलं का?

त्या संध्याकाळी आम्ही दोघं नवराबायको मशीनपाशी होतो. ते आमचं शेवटचं एकत्र काम. तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून भांडत होतो.

मशीन छोटं, शिलाई मशीनपेक्षा जरा मोठं. संगणक सांगतो तसं पितळ कोरतं. विचुंब्यात नव्या बिल्डिंगी झाल्यात, तिथल्या दारांवरच्या पाट्या आम्ही करायचो. त्या मशीनला नवा प्रोब बसवला होता. प्रोब म्हणजे मशीनचं बोट. खाली बारीक काडी, तिच्या टोकाला लाल मणी. मणी कशाला टेकला की दिवा लागतो आणि मशीन थांबतं. दिवा लागला नाही तर मशीन पुढेच जातं आणि काडी मोडते. आधीचा प्रोब तसाच गेला, वायर निसटली होती. तेव्हापासून मला धास्ती.

मी चौथी शिकलेला, ती दहावी. पडद्यावरचं इंग्रजी ती वाचायची. काडी सरळ मधोमध आणायला चार बारीक स्क्रू असतात, एक सैल करायचा, समोरचा आवळायचा. माझे हात थरथरतात म्हणून ते ती पिळायची आणि मी डायलचा काटा बघायचो. काटा हलायचा थांबला, मग मणी जुन्या बेअरिंगच्या कड्यात उतरवला. कड्याचं माप ठाऊक असतं. चारी बाजूंना टेकवलं की मण्याचं खरं माप मशीनला कळतं.

पण आधी मी बोटाने मणी दाबतो आणि विचारतो, "लागलं का?" ती मशीन थांबवायच्या लाल बटणावर बोट ठेवून, दिवा बघून म्हणते, "लागलं." त्याशिवाय मी मशीन सोडत नाही.

"लागलं," ती म्हणाली. "अहो, किती वेळा विचाराल? मला बघायला आलात तेव्हा एवढं विचारलं नव्हतंत."

"तेव्हा मोडायची भीती नव्हती."

"राहू द्या चार बाजू उद्यावर. कुकर लावते मी."

ती आत गेली. भांडं पडलं, मागोमाग ती. मी धावलो.

"लागलं का गं?"

डोळे उघडे, पण बोलेना. "लागलं का? कुठं लागलं?" रुग्णवाहिकेतही मी तेच विचारत होतो. दुसरं काही सुचतच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. सकाळ उजाडायच्या आत ती गेली.

तिला पोचवून घरी आलो. चिरनेरहून माझी थोरली बहीण आली होती, तिला मी बाय म्हणतो. बायको पडली त्या जागी बायनं पीठ पसरून पणती लावली. "इझू द्यायची नाय," म्हणाली.

आणि मशीन चालूच होतं. बंद करायचं कुणाच्या ध्यानात नाही. मणी कड्यात तसाच लटकलेला, तिनं मधोमध आणलेला. बंद करायचीही भीती वाटली, बंद करताना ते जरा हिसका देतं. एका नातेवाईक बाईनं ओली साडी मशीनवर वाळत घालायला हात उचलला. मी असा ओरडलो की ती साडी घेऊन बाहेर गेली. मग मी तिथेच खुर्ची टाकली. कुणी जवळून गेलं तरी मी हात आडवा धरायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोटाने मणी दाबला. दिवा लागला. "लागलं" म्हणायला कुणी नव्हतं. पडद्यावर सगळं तिनं तयार ठेवलं होतं, फक्त एंटर दाबायचं. दाबवेना. लाल बटण पार दुसऱ्या टोकाला.

बाय चहा घेऊन आली. "अरं, सुतकात मशीन चालवतंस? लोकं शेण घालतील तोंडात!"

"तिनं उद्यावर ठेवलेलं काम आहे. बाय, इथे बोट ठेव. मणी टेकला आणि दिवा नाही लागला, तर दाब."

"मना नाय जमत तुझी थेरं." पण ठेवलं.

मी एंटर दाबलं. मणी कड्याच्या कडेकडे निघाला, मुंगीच्या पावलानं. मी डोळे मिटले.

"लागलं का?"

"लागला रं!"

टेकून मणी मागे सरला.

"अरं देवा, इझला! इझला रं!"

"दाबू नको, बाय! तो विझतोच. परत लागतो."

आणि मी दुसऱ्या बाजूसाठी एंटर दाबलं.