शेवटच्या बांधीचं लायसन

त्या काळात गोंदिया जिल्ह्यात माझ्याइतका ताकदवान माणूस दुसरा नव्हता. कलेक्टर होते, मान्य. पण कलेक्टरांच्या दाराशी सकाळी चप्पल काढायला जागा नाही इतकी गर्दी झालेली मी तरी पाहिली नाही. माझ्या दाराशी रोज व्हायची. मी एका इंजिनीअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या कॉम्प्युटर लॅबचा इनचार्ज होतो आणि पाच लायसनांचा मालक होतो.

दवनीवाड्याला, म्हणजे माझ्या गावी, ही बातमी पोचली तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत चार जण पासपोर्ट फोटो घेऊन घरी आले. एकानं तर ट्रॅक्टरचं लायसन वेगळं काढावं लागेल का असंही विचारलं. आईनं सगळ्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "तो करून देईल, पण आत्ता सुट्टीवर आहे." मीही काही बोललो नाही. मान मिळत असला की माणसानं घाईनं खुलासे करू नयेत.

खरी गोष्ट अशी होती. कॉलेजनं एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्यात सर्किट स्क्रीनवर काढायचं आणि त्यातून खऱ्यासारखा करंट सोडून बघायचा. ट्रान्झिस्टर जळाला तर स्क्रीनवर जळायचा, खिशाला चटका बसायचा नाही. आमच्याकडे त्याचं मोल फार, कारण साधा एखादा आयसी हवा असला तरी नागपूरला जाणारं माणूस शोधावं लागे, आणि ते माणूस हमखास चुकीचा आणे. सॉफ्टवेअर लॅबमधल्या सगळ्या मशीनवर टाकलेलं होतं, पण एका वेळी चालणार फक्त पाच जणांचं. सहाव्यानं उघडलं की स्क्रीनवर पाटी यायची: लायसन शिल्लक नाही. कोणी बंद केलं की त्याचं लायसन मोकळं होऊन पुढच्याला मिळायचं. हा सगळा हिशेब ठेवणारा सर्व्हर माझ्या टेबलाखाली होता. त्याच्या पाठीत अंगठ्याएवढं एक इलेक्ट्रॉनिक कुलूप खोचलेलं असे. ते उपटलं की पाचही जणांचा कारभार जागच्या जागी बंद. त्या कुलपाजवळ मी झाडूवाल्या बाईंनासुद्धा जाऊ देत नसे. त्यामुळे टेबलाखाली जी धूळ साचली होती तिच्यात आरामात धान रोवता आलं असतं.

आता पाच लायसन आणि अर्धं कॉलेज. आमच्या पोरांनी त्यावर जो तोडगा काढला तो एसटीतून आलेला होता. गाडी फलाटाला लागायच्या आधीच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसा. गोंदिया शहरातली पोरं लॅब उघडताच आत घुसायची, प्रोग्राम उघडायची, कोरं पान समोर ठेवायची आणि समोरच्या टपरीवर पोहे खायला जायची. पाच मशीनवर पाच कोरी पानं, पाच रिकाम्या खुर्च्या, आणि बाकीचं जग उभं. सगळ्यात मोठा रुमाल एका राईस मिलवाल्याच्या मुलाचा. त्यालाही सगळे राईस मिलवालाच म्हणत. त्याचं घर कॉलेजपासून इतकं जवळ की आईनं हाक मारली तर त्याला माझ्या लॅबमध्ये ऐकू यावी. मी हटकलं की तो हात जोडायचा, "सर, पाँच मिनट. बस नाश्ता."

ह्या गर्दीत ती मुलगी होती. शेवटच्या वर्षाला. अर्जुनी मोरगावच्याही पुढे तिचं गाव. घरून सायकलनं स्टेशन, तिथून पॅसेंजरनं गोंदिया, मग ऑटो मिळाला तर ऑटो. लॅबच्या दारात पोचायला तिला जवळजवळ दुपार व्हायची, तोवर सगळे रुमाल पडलेले असायचे. आणि परतीची गाडी चुकली तर त्या दिवशी घर नाही. म्हणून ती रोज येऊन पाटी वाचायची, थोडा वेळ भिंतीला टेकून थांबायची, आणि जायची.

तिचा प्रोजेक्ट मात्र तिचा स्वतःचा होता. ही तेव्हा नवलाची गोष्ट होती, कारण आमच्याकडे प्रोजेक्ट नागपूरच्या दुकानातून तयार आणायचा रिवाज होता. डबा, वायरी, छापलेला रिपोर्ट, सगळं एका पिशवीत. हिनं ठरवलं होतं पंपाच्या मोटरीचं. खेड्यात तीन फेजपैकी एक फेज कधी जाईल सांगता येत नाही. मोटर दोन फेजवर घरघरत राहते आणि जळते. मग ती बैलगाडीत घालून वाइंडिंगवाल्याकडे न्यायची, आणि तोवर धानाची रोवणी वाळते. बाजारात मिळणारं उपकरण आमच्याकडच्या कमी-जास्त व्होल्टेजला फसायचं. हिचं सर्किट फसणार नाही, असं हिचं म्हणणं. तिचे गाइड सर सज्जन, पण कडक. ते म्हणाले, "शनिवारी मी निघायच्या आत चालताना दाखव. नाहीतर तूही तयार प्रोजेक्ट आण आणि पास हो." तिला तयार आणायचा नव्हता. एवढंच. पण तेवढ्यासाठी ती आठवडाभर माझ्या भिंतीला टेकून होती.

एका दुपारी ती माझ्या टेबलाशी आली.

"सर, मले आज बी नाई भेटलं."

"उद्या जरा लवकर ये, पोरी."

"गाडीले सांगून पाहा ना मंग, लवकर येत जाय म्हणून."

लॅब हसली. मी ताकदवान माणूस असल्यामुळे हसलो नाही. म्हणालो, "मी काय करू? जो पहिला येतो त्याला मिळतं. नियम आहे."

"कोनाचा नियम जी? वरच्याच बांध्या पानी पिऊन राहिल्या तुमच्या इथं. आमच्या तळ्यावर असं केलं असतं तं माझ्या बाबाले लोकायनं तळ्यातच बुडवलं असतं."

तेव्हा कळलं की तिचे वडील त्यांच्या गावच्या तळ्याचे पाणकर. तळ्याचं पाणी कोणत्या शेतात कधी सोडायचं हे पाहणारा माणूस. आमच्या झाडीपट्टीत तळी उदंड, तेव्हा पाणकर मलाही ठाऊक होते. पण दवनीवाड्याला आमची बांधी, म्हणजे धानाचं शेत, पाण्याच्या तोंडाशीच असल्यामुळे वाटपाचा विचार करायची पाळी आमच्या घराण्यावर कधी आलीच नव्हती.

"मग तुमच्याकडे कसं करतात?" मी विचारलं.

"शेवटच्या बांधीपासून. तळ्यापासून ज्याची सगळ्यात दूर, त्याले पह्यलं पानी. जवळच्याचं काय, त्याले झिरपूनबी भेटते."

त्या रात्री मी विचार करून करून अर्धा वाळून गेलो, असं मी सांगतो. प्रत्यक्षात जेवून झोपलो. पण सकाळी लॅबच्या दारावर खडूनं लिहिलं: जो सगळ्यात लांबून येतो त्याचा नंबर पहिला. खुर्ची रिकामी दिसली की लायसन गेलं.

हाहाकार माजला. राईस मिलवाला माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "सर, ये क्या बात हुई? गोंदिया में पैदा हुआ, ये मेरी गलती है?"

"गलती नहीं, बेटा. तू तोंडावरची बांधी आहेस. तुला झिरपून मिळेल."

त्याला काही समजलं नाही. पण बाकीच्यांना फार लवकर समजलं. दुपारपर्यंत अर्धं कॉलेज गोंदिया सोडून लांबच्या देवरी आणि सालेकशाला राहायला गेलं. होस्टेलवरच्या एकानं सांगितलं की तो मामाच्या घरून येतो आणि मामा बालाघाटला असतात. मी म्हटलं, मामांना घेऊन ये, चहा घेऊ. मग तो पुन्हा होस्टेलवर राहायला आला. पण कोऱ्या पानांचे रुमाल उठले ते उठलेच, आणि अर्जुनीच्या गाडीनं येणाऱ्या मुलीला त्या दिवसापासून खुर्ची मिळाली.

सर्किट मात्र ऐकेना. एक फेज तोडली की रिले सुटायला हवी आणि मोटर थांबायला हवी. रिले सुटायची, पुन्हा धरायची, पुन्हा सुटायची. स्क्रीनवरची रेघ पावसाळ्यातल्या बेडकासारखी उड्या मारायची. ती रोज थोडं बदलायची आणि गाडीची वेळ झाली की जायची.

शनिवार उजाडला. ती आली, बसली, आणि जेवायचा डबाही उघडला नाही. दुपार कलत आली तेव्हा तिनं एकदम मान वर केली, "सर, मले वाटते सापडलं." आणि नेमकं त्याच क्षणी तिचं मशीन गोठलं. माऊस हलेना, कीबोर्ड चालेना. बटण बंद करून पुन्हा चालू केलं. प्रोग्राम उघडला. पाटी आली: लायसन शिल्लक नाही.

ही त्या व्यवस्थेची खोड होती. नीट बंद न होता मशीन मेलं तर सर्व्हरला कळत नसे. त्याच्या लेखी ती अजून आपल्या जागी बसलेलीच होती. तिचं सर्किट तिच्याच नावानं उघडे, आणि एका नावाला तो दुसरं लायसन देत नसे; दुसऱ्या कोणी आपलं सोडलं तरी तिला उपयोग नव्हता. तिचं लायसन तिच्याच नावावर अडकलं होतं, आणि ते आपोआप सुटेपर्यंत गाइड सर घरी पोचून झोपाळ्यावर बसले असते. दुसरा उपाय एकच, मी सर्व्हरवरची वाटपाची व्यवस्था बंद करून पुन्हा सुरू करायची. पण तसं केलं की उरलेल्या चौघांचंही काम तुटणार. त्यात राईस मिलवाल्याचं एक लांबलचक गणित सकाळपासून चालू होतं, आणि तेही अर्ध्यावर जमा करून ठेवता येण्यासारखं नव्हतं.

मी काय बोललो ह्याबद्दल मी आजवर पुष्कळ सांगत आलो आहे. सिंहासारखा गरजलो, खिडकीच्या काचा हलल्या, वगैरे. खरं म्हणजे मी माऊसवर हात ठेवून गप्प बसलो होतो. माझी सगळी ताकद त्या पाच खुर्च्यांत होती, आणि त्यातली एका माणसाला पुरेल इतकीही उरली नव्हती.

तीच म्हणाली, "राहू द्या सर. त्यायचं काऊन बुडवता? नागपूरचं आनते म्हणून सरले सांगून टाकते." आणि तिनं कॅलेंडरात तारीख बघावी तितक्या शांतपणे वह्या आवरायला घेतल्या.

राईस मिलवाल्यानं खुर्ची फिरवली. "कितना टाइम लगेगा तेरा?"

"माहीत नाई. चाललं तं लवकर. नाई चाललं तं चालतच नाई."

तो स्क्रीनकडे बघत राहिला, जिथे त्याची सकाळ मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती. मग डोकं खाजवून म्हणाला, "अबे, सेव करो सब. मेरा क्या है, मैं तो सोमवार को पैदल आ जाऊँगा." आणि त्यानं स्वतःच ते बंद केलं. बाकीच्या तिघांनी कुरकुर केली, एकानं त्याला एक चांगली घसघशीत शिवी दिली, पण तिघांनीही बंद केलं.

मी सर्व्हर पुन्हा सुरू केला. ती बसली. उठलेले चौघे तिच्या खुर्चीमागे उभे राहिले, आणि ज्यांचं नुकसान झालेलं असतं ते सल्ला फुकट देतात.

"कपॅसिटर बढ़ा."

"बढ़ाया तो तब तक मोटर जल जाएगी, गधे."

"वो रेझिस्टन्स कम करके देख."

"चूप राहा ना जी," ती म्हणाली, "आधीच मोटर जळून राहिली, वरतून तुमी."

तिनं तिला सापडलेलं बदललं आणि चालवलं. तीन लाटा आल्या. पहिली तोडली, ती सपाट झाली. खालची रिलेची रेघ एकदाच पडली आणि पडलेलीच राहिली.

मी धावतच गाइड सरांना घेऊन आलो. त्यांची बॅग खांद्याला होती. ते वाकून बघत म्हणाले, "दुसरी तोड." तिनं तोडली. "आता तिसरी." तिनं तोडली. "व्होल्टेज उतरव. आणखी. तुमच्या गावचं करून दाखव." तिनं गावचं करून दाखवलं. रेघ फसली नाही.

सर सरळ उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बनव."

मग गाडीची आठवण झाली. राईस मिलवाल्यानं स्कूटर काढली, ती मागे बसली, आणि बाकीचे सायकली दामटत त्यांच्यामागे निघाले. कोणाचंही स्टेशनवर काहीच काम नव्हतं. त्या दिवशी मी स्टेशनमास्तरला फोन करून पॅसेंजर थांबवली, असं दवनीवाड्यात आजही मानतात. गाडीच उशिरा आली होती, पण ह्यात रेल्वेला श्रेय द्यायचं मला पटत नाही.

लॅब रिकामी झाली. सर्व्हरवर पाहिलं तर पाचही लायसनं मोकळी. असं मी कधी पाहिलं नव्हतं. लॅबला कुलूप लावून घरी जायला हरकत नव्हती. मी तिच्या खुर्चीवर बसलो, तिचं सर्किट उघडलं आणि एक फेज तोडली. मोटर थांबली. जोडली, चालू झाली. पुन्हा तोडली.