येतो हं

छळछावणीच्या संग्रहालयात काचेमागे किल्ल्यांचा ढीग होता. महायुद्धात इथे डांबलेल्या कैद्यांच्या घरांच्या किल्ल्या. बहुतेकजण परतलेच नाहीत, असं खाली लिहिलं होतं. एका किल्लीला अजून लाल दोरा होता, पिशवीत हात घातल्यावर चटकन सापडावी म्हणून बांधलेला असणार.

सुमन, माझी बायको, तिथून हलेना. मग म्हणाली, "अहो, निघताना यांनी कुलूप ओढून पाहिलं असेल ना?"

ती स्वतः दोनदा कुलूप ओढते, आणि आत कुणी नसलं तरी दाराला आम्हा दोघांच्या वतीने "येतो हं" म्हणते. "जातो" म्हणायचं नाही, ही तिच्या आईची शिकवण. मी तिला आजवर हसत आलोय. या माणसांनीही आपापल्या भाषेत तसंच काही म्हटलं असेल, नाहीतर किल्ली कशाला जपतील? आणि इकडे ते किल्ली जपत असताना तिकडे त्यांच्या घरात दुसरेच कुणी जेवायला बसले असतील. मला भयंकर संताप आला, पण तो काढणार कुणावर?

बंद करायची वेळ झाली. दारात सुमन सवयीने मागे वळली, "ये..." म्हणाली आणि थांबली.

"अहो," ती कुजबुजली, "इथे काय म्हणायचं?"