ओकोझेच्या शेजारची जागा

आमच्या खोऱ्यात माणसाच्या बायकोला नावं ठेवली तर एक वेळ तो हसून सोडून देईल. त्याच्या चेनसॉला नावं ठेवली तर त्या दिवशीचा चहा कडू झालाच म्हणून समजा.

ओचिदानीत आम्ही अकरा लाकूडतोडे. सकाळी दहाला पाडलेल्या सुगी वृक्षांच्या ओंडक्यांवर बसायचं, भाताचे गोळे सोडायचे आणि भांडायला सुरुवात करायची, हा आमचा नेम. सहा जण मिनेकाझेवाले. ती देशी कंपनी बंद पडून एकोणीस वर्षं झाली, तरी यांची निष्ठा ढळलेली नाही. चार जण परदेशी टॉर्नेलवाले, त्यांत मी. अकरावा ज्याचा चहा पितो त्याच्या बाजूने बोलतो.

"टॉर्नेल म्हणजे मशीन नाही, जावई आहे," ऐंशीला टेकलेले गेनपाची आजोबा म्हणायचे. "जरा काही झालं की रुसून शहरात जाऊन बसतं. मग जा आणायला, पडा पाया."

"आणि तुमचं मिनेकाझे, आजोबा?" मी विचारायचो. "सकाळपासून दोरी ओढता तेव्हा दुपारी धूर निघतो. तोही तुमच्यातून."

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, एवढाच या वादाचा अर्थ. पण बाब्या आजारी पडला की देशीवाला असो की परदेशीवाला, संध्याकाळी एकाच दारात उभा राहायचा. ते दार हिसानोचं.

हिसानो मूळची समुद्राकाठची. तेविसाव्या वर्षी यासुहेइशी लग्न करून डोंगरात आली, तेव्हा तिला सुगीचं झाड कुठलं आणि हिनोकीचं कुठलं हेही कळत नव्हतं. यासुहेइ तोडीवरून आला की स्वयंपाकघरात जमिनीवर मशीन उघडून बसायचा, आणि ही स्क्रू सांभाळता सांभाळता शिकली. मग त्याची बोटं पांढरी पडायला लागली. आमच्या धंद्याचा हा रोग आहे. मशीनची थरथर वर्षानुवर्षं हातात भिनते, थंडीत बोटांतलं रक्त पळून जातं आणि जेवायच्या काड्याही धरवत नाहीत. शेवटची सहा वर्षं तो नुसता सांगायचा आणि ती उघडायची. तो गेला त्याच्या तिसऱ्या दिवशी तिने माझं मशीन दुरुस्त करून हातात ठेवलं. मी काहीतरी सांत्वनाचं पुटपुटत होतो. "रडायला मला पुष्कळ वेळ आहे," ती म्हणाली, "तुझी तोड उद्या आहे. जा."

मिनेकाझे कंपनी बुडाली तेव्हा तिने तीन खोऱ्यांतली बंद होणारी दुकानं पालथी घातली आणि सुटे भाग गोळा केले. ते अजून तिच्याकडे चहाच्या डब्यांत भरलेले आहेत. पण तिला कोणी जुन्याची भक्त म्हटलं की तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

"मिनेकाझेने माझ्या नवऱ्याची बोटं खाल्ली," ती म्हणायची. "टॉर्नेलची मूठ चांगली आहे, थरथर निम्मी. मीही ते घेतलं असतं. पण झाकणाच्या स्क्रूवर ते लाल सील चिकटवतात ना, ते मला खपत नाही. जे मला उघडता येत नाही ते माझं कसलं? ते भाड्याचं."

सील फाटलं की हमी गेली, असा टॉर्नेलचा नियम. दुरुस्ती फक्त डीलरकडे, म्हणजे अडीच तासांवरच्या शहरात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

हे आज म्हणतोय. तेव्हा म्हणत नव्हतो. मी टॉर्नेल घेतलं ते चार वर्षांपूर्वी, डोंगरदेवीच्या सणाच्या आठवडाभर आधी. महिना गेला नाही तोच ते धुक्याच्या सकाळी मुकं व्हायला लागलं. तीनदा शहरात नेलं. त्यांनी ते संगणकाला जोडलं, कार्ब्युरेटर बदलला, माझ्यासमोर चालवून दाखवलं. तिथल्या कोरड्या खोलीत उत्तम चालायचं. डोंगरात आणलं की पुन्हा तेच. मी हिसानोकडे गेलो नाही. बाकीच्या तिघांची टॉर्नेलं जुनी, सील येण्याआधीची; माझ्यावर सील होतं, हमी होती, आणि खरं सांगतो, लाजही वाटत होती.

दुसरं वर्ष सरत आलं तेव्हा आमच्या वनसंस्थेच्या अध्यक्षांनी, ताकेबेंनी, ठराव आणला. एप्रिलपासून संस्थेच्या जंगलात फक्त सीलबंद टॉर्नेल चालेल, दुसरं कुठलंही मशीन चालणार नाही. सगळ्यांनी घेतलं तर डीलरची गाडी आठवड्यातून एकदा वर येईल. माझं मशीन आठवडेच्या आठवडे शहरात अडकायचं, त्यामुळे मला ते गोड वाटलं आणि ठरावाला मी अनुमोदन दिलं.

त्यात हिसानोचं काय होणार हे सगळ्यांना कळत होतं. तिचं दुकान संस्थेच्या मशीनांवर चालायचं. ते बंद झालं की नागोयातल्या मुलीकडे जाऊन नातवंडांचे मोजे वाळत घालायचे. मुलीने खोलीसुद्धा तयार ठेवली होती.

"मी जाणार नाही," हिसानोने मला रस्त्यात अडवून सांगितलं. "तू अनुमोदन दिलंस ना? दिलंस तर दिलंस. मी जाणार नाही."

डिसेंबरच्या सात तारखेला डोंगरदेवीचा सण असतो. त्या दिवशी देवी आपली झाडं मोजते. जंगलात जो सापडेल तोही मोजला जातो आणि झाड होऊन तिथेच राहतो, म्हणून कोणी जंगलात शिरत नाही. देवळापर्यंत बावीस पायऱ्या आहेत आणि बायकांनी त्या चढायच्या नाहीत. देवी रूपाने बेताची आणि स्वभावाने मत्सरी, दुसरी बाई दिसली की चिडते. म्हणून तिच्यापुढे ओकोझे ठेवतात. समुद्रात याहून कुरूप मासा नाही. आपल्याहून वाईट चेहरा पाहून देवी खूश होते.

मासा ठेवून झाला की मशीनं ओळीने मांडायची, आणि एकेकाने आपलं सुरू करून देवीला आवाज द्यायचा. ज्याचं मशीन बोलत नाही तो वर्षाच्या पहिल्या तोडीला जात नाही. आवाज झाले की संस्थेची सभा तिथेच. त्या दिवशी ठरावावर हात वर व्हायचे होते. डीलरचा माणूस निवा खास शहरातून आला होता, कोट आणि चकचकीत बूट घालून. माणूस वाईट नव्हता. प्रत्येक पायरीला धापा टाकत माफी मागत होता.

गेनपाची आजोबांचं मिनेकाझे चौथ्या ओढीला खोकत बोललं. बाकीच्यांची बोलली. माझं बोललं नाही. पाच वेळा ओढलं, दहा वेळा ओढलं. धुकं खाली उतरलं होतं आणि कपाळावरून घाम ओघळत होता.

"जावई रुसले," गेनपाची म्हणाले.

निवा पुढे आला, वाकला. "मी घेऊन जातो, साहेब. दहा दिवसांत परत देतो."

"पहिली तोड उद्या आहे," मी म्हणालो.

"मग पुढच्या वर्षी," ताकेबे म्हणाले. "चला, सभेला बसू."

तेवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली. हिसानो वर येत होती, हातात हत्यारांची पेटी. शेवटच्या पायरीशी तिने श्वास घेतला आणि देवळाच्या कमानीखालून सरळ आत आली.

"हिसानो, खाली जा," ताकेबे म्हणाले. "देवी कोपेल."

"देवी सुंदर बायकांवर कोपते," ती म्हणाली. "माझ्याकडे नीट बघा आणि मग सांगा. आणि एवढीच भीती वाटत असेल तर मला ओकोझेच्या शेजारी ठेवा. त्याला सोबत होईल."

गेनपाची आजोबा हसले. मग त्यांनी तोंडावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. सगळेच हसले. ताकेबे मात्र हसले नाहीत.

ती माझ्या मशीनपुढे गुडघ्यांवर बसली. "शिगेआकी, हे तुझं आहे ना?"

"माझंच."

"मग सील तू फाड. मी फाडणार नाही."

सगळे माझ्याकडे बघत होते. मीच अनुमोदन दिलेला ठराव, मीच मिरवलेली हमी. मला राग आला होता. ताकेबेंचा नाही, निवाचाही नाही. माझ्याच वस्तूला हात लावायला मी एका कागदाच्या तुकड्याची परवानगी मागत होतो, याचा राग. मी अंगठ्याचं नख घातलं आणि सील टरकन फाडलं.

हिसानोने झाकण काढलं, आत वाकून बघितलं आणि नुसती हुं म्हणाली. मग तिने बंद करायच्या बटणाची तार बोटाने उचलून सगळ्यांना दाखवली. तारेचं टोक हिरवट पांढऱ्या चुऱ्याने माखलं होतं.

"घेतलंस त्या वर्षी सणाला याला काय केलंस?"

"शुद्ध केलं. मीठ चोळलं, साके ओतली."

"किती?"

माझे वडील कुऱ्हाडीवर ही तांदळाची दारू ओतायचे तेवढी. सगळेच ओततात. नवं मशीन म्हणून मी जरा सढळ हाताने ओतली होती आणि गेल्या सणाला पुन्हा ओतली. तसं सांगितलं.

"इथला प्रत्येक पुरुष दर वर्षी हेच करतो," हिसानो म्हणाली. "आणि सणाच्या संध्याकाळी प्रत्येक जण मशीन माझ्याकडे आणतो. मी ते धुते, पुसते, तारांना ग्रीस लावते. कोणाला सांगत नाही, कारण सांगितलं तर म्हणाल बाई देवीच्या नावाचं मीठ पुसून टाकते. दोन सण झाले, याचं तेवढं माझ्याकडे आलं नाही. धुक्यात मीठ ओलं होतं, तार मशीनच्या अंगाला चिकटल्यासारखी होते आणि मशीन आपणच स्वतःला बंद करतं. निवासाहेब, तुमचं मशीन चांगलं आहे. त्याला काही झालेलं नाही. पण तुमच्या संगणकाला मीठ कोणी सांगितलं होतं का?"

निवा बुटांकडे बघत म्हणाला, "नाही."

तिने चाकूच्या पात्याने टोक खरवडलं, पेट्रोलच्या फडक्याने पुसलं, ग्रीस लावलं, झाकण बसवलं आणि उठून बाजूला झाली. मी दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला ते असं बोललं की कमानीवरचे कावळे उडाले.

"ठीक आहे," ताकेबे म्हणाले. "पण सील गेलं. याची हमी गेली, आणि ठरावाप्रमाणे हे मशीन जंगलात चालणार नाही."

"ठराव अजून झालेला नाही," गेनपाची म्हणाले. "घ्या हात."

ठरावाच्या बाजूने तीन हात वर झाले. विरुद्ध आठ, त्यांत माझा. चहा बघून बाजू घेणाऱ्या अकराव्यानेही त्या दिवशी चहाशिवाय हात वर केला. ताकेबेंनी आकडा दोनदा मोजला, आणि देवीसमोर मोजलेलं बदलत नाही म्हणून कागद घडी करून खिशात ठेवला.

निवाने जाताना हिसानोला विचारलं, ती कुठलं ग्रीस वापरते. तिने डब्याचं नाव लिहून दिलं. आता त्याच्या गाडीतही तोच डबा असतो.

गेल्या वर्षी सणाला आम्ही शहाणपण केलं. देवळात ओकोझेच्या शेजारी हिसानोसाठी उशी मांडली, पुढ्यात साकेचा पेला ठेवला, आणि ताकेबे स्वतः पायरीशी तिला बोलवायला उभे राहिले. ती आली. उशीकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मागून तिचं कामाचं बाक चौघांनी उचलून आणलं होतं. ते तिने देवीसमोर ठेवायला लावलं आणि पेटी उघडली.

"बसायला कोण आलंय?" ती म्हणाली. "मीठ टाकून झालं असेल तर आणा इकडे एकेक."

सगळ्यात आधी मी माझं तिच्यापुढे ठेवलं.