ईस्टरपासून माशाच्या पोटात

बायकोच्या मामांइतका गोष्ट लांबवणारा माणूस देवाने दुसरा घडवला नाही. घडवायला घेतला असता, तर शेजारी उभ्या असलेल्या मामांनी देवालाच काहीतरी सांगायला सुरुवात केली असती आणि ते काम तसंच राहून गेलं असतं. कार्डिफच्या बसस्टॉपवर कुणी वेळ विचारली, की मामा हातातलं घड्याळ नगरला कुठल्या दुकानात घेतलं तिथपासून निघत. विचारणाऱ्याची बस जाई, तिच्या मागची जाई, आणि पुढच्या बसमध्ये मामाही त्याच्याबरोबर चढत, कारण घड्याळाचा पट्टा अजून सांगायचा राहिलेला असे. आमच्या लग्नात ते वडीलकीच्या नात्याने ‘दोन शब्द’ बोलायला उभे राहिले. त्यांचे दोन शब्द संपले तेव्हा पाळकसाहेब जेवून परत आले होते.

हॉस्पिटलच्या एक्स-रे खात्यात आयुष्य घालवून मामा निवृत्त झाले आणि एका ट्रस्टच्या ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानाचे बिनपगारी व्यवस्थापक झाले. दुकानात काही म्हाताऱ्या बायका शुभेच्छापत्रं घ्यायला येत आणि मामांच्या तावडीत सापडायच्या आत निसटत. मामांना गिऱ्हाइकापेक्षा पुस्तकाची काळजी जास्त. प्रार्थनांचं जाडजूड पुस्तक घ्यायला आलेल्या एका गृहस्थांना त्यांनी, “तुम्ही हे वाचणार नाही, चेहऱ्यावर दिसतंय,” असं सांगून एक पेन्सिल भेट देऊन परत पाठवलं होतं. तेव्हा एका फेब्रुवारीत ट्रस्टच्या बाई ओली छत्री घेऊन दुकानात आल्या यात नवल नव्हतं. नाताळपर्यंत मुलंबाळंवाली कुटुंबं दुकानात दिसू लागली नाहीत तर टाळं लावू, असं त्या अत्यंत गोड आवाजात सांगून गेल्या.

त्या संध्याकाळी मामा आमच्याकडे आले, कोट न काढता खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “जावईबापू, दुकान जाणार.”

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. “अगं बाई! मामांना बरं नाहीये. एका वाक्यात बोलले!”

चहाच्या दुसऱ्या कपानंतर मामा माणसात आले. दर शनिवारी मुलांना बायबलमधल्या गोष्टी सांगायच्या, असं ठरलं. पण मामांची एक अट होती. लहानपणी नगरला त्यांच्या आजोबांनी त्यांना शिकवलं होतं, की गोष्ट ऐकणाऱ्याने प्रत्येक वाक्याला ‘हं’ म्हटलंच पाहिजे. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. हुंकार मिळाला की सांगणाऱ्याला थांबायची मुभा नाही. “तुम्ही हुंकार द्यायला बसा,” ते मला म्हणाले. “एरवीही तुम्ही दुसरं काही बोलत नाही.” ते खरं होतं. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात कामाला होतो आणि तिथे गप्प बसण्याबद्दल माझं नाव होतं.

पहिल्या शनिवारी मामा रिकाम्या गालिच्याला गोष्ट सांगत होते आणि मी हं, हं करत होतो. पावसाने झोडपलेली एक बाई दोन मुलांना घेऊन आडोशाला आत आली. धाकटी लाल रेनकोटमध्ये होती. तिने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाली, “हं.” मामांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू नगरचं कुणी भेटलं. ईस्टरपर्यंत गालिच्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही. वेल्श मुलं, त्यांच्या आया, ढकलगाडीतलं एक तान्हं बाळ, सगळी एका सुरात हुंकार देत. पुस्तकंही खपू लागली. काही मुलं ती चावत, त्यामुळे आयांना घ्यावीच लागत.

ईस्टरनंतरच्या शनिवारी मामांनी देवाचं काम टाळून पळालेल्या योनाला माशाच्या पोटात घातलं, आणि तिथेच घोटाळा झाला. आयुष्यभर लोकांची पोटं आतून पाहिलेला हा माणूस! त्याला माशाचं पोट म्हणजे माहेर. पुढचा आख्खा शनिवार नुसत्या जठरातच गेला. मग योनाने आत चूल मांडली. “जेवतो काय तो?” लाल रेनकोटने विचारलं. पिठलं, मामा म्हणाले. “पिठलं म्हणजे काय?” झालं. बायको पुढच्या शनिवारी डबाभर पिठलं घेऊन दुकानात. आतल्या फोडणीने माशाला ठसका लागला, ॲसिडिटी झाली, योनाने त्याला आतूनच ओवा खायला घातला. मुलं घरी जायला तयार नसत.

“मामा, आता काढा की त्याला बाहेर,” मी एकदा म्हणालो.

“काढलं आणि पोरं आलीच नाहीत तर?” मामा हळूच म्हणाले. “तो आत आहे तोवर दुकान आहे, जावईबापू.”

ऑक्टोबरात ट्रस्टच्या बाई पुन्हा आल्या. गर्दी पाहून त्यांचा चेहरा उजळला, पण त्या पडल्या शास्त्राला धरून चालणाऱ्या. “पवित्र शास्त्रात योना तीन दिवस माशाच्या पोटात होता,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडे तो ईस्टरपासून आहे.”

“ट्रॅफिक फार आहे, मॅडम,” मामा म्हणाले.

पुढच्याच शनिवारी, बाईंच्या देखत, मामांच्या माशाने योनाला कार्डिफजवळच्या बॅरीच्या किनाऱ्यावर, चिप्सच्या दुकानासमोर ओकून टाकलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मामा हसले नाहीत. त्या आठवड्यात ते आमच्याकडे येऊन नीट जेवलेसुद्धा नाहीत. शनिवारी मात्र गालिचा पुन्हा भरलेला होता. मामा मुलांकडे पाहून म्हणाले, “आता विचार करा. योना गेला. माशाचं पोट रिकामं झालं. चूल नाही, बडबड नाही. त्या माशाला कसं वाटलं असेल?”

गालिच्यावरून मोठ्ठा हुंकार आला. त्या दिवसापासून मासा योनाला शोधत निघाला. नाताळ आला आणि गेला. टाळं लावण्याचा विषय बाईंनी पुन्हा काढला नाही. मासा पुढे काही वर्षं शोधत होता.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. चॅपलमध्ये पाळकसाहेब म्हणाले, “आपला हा भाऊ फार लांबून इथे आला,” आणि श्वास घ्यायला थांबले. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “हं.” मग दुसऱ्या बाकावरून. मग सगळीकडून. पाळकसाहेब बिचारे गडबडले, आणि मग बराच वेळ बोलत राहिले. मी पहिल्या बाकावर होतो. माझा हुंकार काही केल्या फुटेना.

बाहेर ट्रस्टच्या बाईंनी विचारलं, “शनिवारचं आता काय करायचं?” बंदच करावं लागेल, असं सांगणार होतो. तेवढ्यात शाळेच्या कोटातली एक उंच मुलगी पुढे आली. रेनकोट नव्हता, तरी मी ओळखलं.

“माशाला योना भेटला का?” तिने विचारलं.

“अजून नाही,” मी म्हणालो.

“हं,” ती म्हणाली, आणि थांबून राहिली.

मामांचा नियम आम्हा दोघांनाही माहीत होता. मी घसा साफ केला.

“तर, मासा बॅरीच्या किनाऱ्याजवळ आला...”