फुटली म्हणा, बाई

गेल्या महिन्यात नसरीनचा फोन आला. म्हणाली, “मावशी, अम्मी गेली.” आणि या वयात तरी शहाणी असायला हवी अशी मी, विचारते काय, तर “आज कुठला बाजार?” शमीम आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या बाजाराला गेलेलीच असायची. कराडचा, उंब्रजचा, नाहीतर विट्याचा. पलीकडून पोरीचं रडू ऐकू आलं तेव्हा कळलं, की तिची आई या वेळी बांगड्यांची पेटी घरीच ठेवून गेली आहे...

आमची ओळख माझ्या लग्नाच्या चुड्यापासूनची. मी तेव्हा बी.एस्सी. झालेली, म्हणजे जगातलं सगळं समजलेली. शाळेत विज्ञान शिकवायला लागणार होते आणि त्याची रंगीत तालीम समोर येईल त्याच्यावर करत होते. शमीम माझ्याहून थोडी लहानच, पण तिनं माझा पंजा असा मळला की कणीक परवडली. एक बांगडी कडकन गेली. ती म्हणाली, “वाढली.” आमच्याकडं बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, अशुभ ते. पण गप्प बसले तर मी पदवीधर कसली? म्हटलं, “काच वाढत नसते गं, फुटते. फुटली म्हण.” तिनं पुढची बांगडी चढवत सांगितलं, “हात ढिल्ला सोडा, बाई. शाळा उद्या भरवा.” तेव्हापासून मी तिची बाई झाले, आणि मला बांगड्या दुसऱ्या कुणी कधी भरल्या नाहीत. वादही तोच राहिला. प्रत्येक वेळी ती वाढली म्हणायची, मी फुटली म्हणायची.

पुढं तिला छातीचा कॅन्सर झाला, बरा होऊन पुन्हा उलटला, तोवर पहिल्या खेपेच्या सलाईनमधल्या लाल औषधानं हृदय दुबळं झालं होतं. मिरजेच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी समजावलं, की तेच औषध आता चरबीच्या बुडबुड्यांत भरून द्यायचं, इतक्या बारीक की केसाच्या जाडीत शेकडो मावतील. गाठीतल्या रक्तवाहिन्या घाईघाईनं तयार झालेल्या, म्हणून गळक्या. बुडबुडे तिथं झिरपतात, साठतात, फुटतात, आणि औषध जागच्या जागी सुटतं. हृदयाला त्रास कमी. मी वर्गात बसल्यासारखी मान डोलावत होते. शमीमनं विचारलं, “वाटंत कुटं उतरत न्हाईत न्हवं?”

डॉक्टर प्रामाणिक. म्हणाले, “थोडे उतरतात. तळहातांत, तळपायांत.”

“म्हंजी माझ्या दुकानातच की,” शमीम म्हणाली.

आणि उतरलेच. तळहात लाल झाले, मग सोलायला लागले. गरम पाणी नको, घासणं-दाबणं नको. आता बांगड्या भरणं म्हणजे घासणं-दाबणं नाही तर काय? डॉक्टरांनी मात्रा कमी केली, एकदा सलाईन पुढं ढकललं. चहाचा कपसुद्धा ती पदरात धरून प्यायची. मला बघवेना. म्हटलं, “शमीम, थांबवायचं का हे?” तर म्हणाली, “हात घिवू द्यात त्यास्नी, बाई. गाठ गेली म्हंजी झालं.” तिनं मनात असा सौदा केला होता, आणि तो पटला की फसला ते एका स्कॅनवर कळणार होतं.

त्या दिवशी मी सोबत होते. डॉक्टर रिपोर्ट बघून हळू आवाजात म्हणाले, “गाठ वाढलीय.”

शमीमचा चेहरा एकदम उजळला. “वाढली? बरं झालं बाई, सुटले.”

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. ते परमुलखातले, त्यांना काय कळणार? जिच्या तोंडी जन्मभर ‘वाढली’ म्हणजे तुकडे झाले, ती दुसरं काय ऐकणार होती... ते पुन्हा सांगायला तोंड उघडत होते, त्यांना हातानं थांबवलं आणि मीच बोलले. “शमीम, फुटली नाही गं. मोठी झालीय.”

ती सोललेल्या तळहातांकडं बघत बसली. मग म्हणाली, “येवढं भांडायचासा. फुटली म्हन, फुटली म्हन. आता म्हना की तुमी. येकदा.”

मी रिपोर्टची घडी घालून तो पिशवीत ठेवला. ती मला चिडवत होती की माझ्याकडं काही मागत होती, हे अजून ठरवता येत नाही.

ते औषध बंद झालं. थोड्याच आठवड्यांत तिच्या तळहातांना नवी कातडी आली, तान्ह्या बाळासारखी. या औषधानं बरं वाटलेली माणसं मी त्याच दवाखान्यात पाहिली आहेत, त्यामुळं त्याला शिव्या देता येत नाहीत.  ते नवे हात घेऊन ती एके दुपारी रिक्षानं माझ्याकडं आली, पेटीसकट. हिरव्या बांगड्या काढल्या. मी म्हटलं, “अगं, ह्या दोन-चार मापाच्या. लहान होतील. मला दोन-सहा लागतात.”

“ठावं हाय मला. गप बसा.”

चढवल्या तिनं. जीव जाईल असं दुखलं, पण मी ओरडले नाही. “आता निघायच्या न्हाईत,” म्हणाली आणि चहा मागितला.

परवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले होते. नर्स म्हणाली, आजी, हातातलं सगळं काढा. साबण लावला, तेल लावलं. ती म्हणाली, “फोडाव्या लागतील.” किती सहज म्हणाली पोरगी. मी हात पदराखाली घेतला आणि पुढची तारीख मागितली. सोबत आलेली नात परतीच्या वाटेवर भांडत होती, “बांगड्यांपायी डोळा घालवशील का, आजी?” म्हटलं, पिकू दे मोतीबिंदू अजून थोडा. दुसऱ्या डोळ्यानं हिरवं दिसतंय.