बुन-लिओंगचं नाव

तुमचं पोर खोलीचं दार लावून बसलं, महिनोन्‌महिने बोललं नाही, तर तुम्ही इलाजाला कुणाला नेता? पोरालाच ना? गोड बोलून, नाहीतर बखोट धरून. उंबऱ्यापर्यंत पोचवता, "बघा हो जरा हिच्याकडे" म्हणता, आणि स्वतः बाहेर स्कूटरवर बसून मोबाइल बघता. आ-किनसुद्धा तेच करणार होती. फक्त तिची पोरगी ओढूनही आली नाही.

आ-किन बुदाई बंदरावर कालवं फोडते. पत्र्याच्या शेडखाली बुटक्या स्टुलावर बसायचं, रबरी हातमोजे चढवायचे, आणि बोथट सुरीने शिंपल्यामागून शिंपला उघडत जायचं. हात चालतो त्याहून तिचं तोंड जास्त चालतं. शेडमध्ये तिच्या तोंडाला कुणी लागत नाही. तिचा नवरा बुन-लिओंग समुद्रातल्या कालवांच्या तराफ्यांवर कामाला असायचा. दोन वर्षांपूर्वी वादळ यायच्या आधी तराफे आवळून बांधायला गेला, आणि चौघांनी उचलून घरी आणला. मागे राहिली ही, आणि लेक पेई-शान. तेव्हा ती अकरा वर्षांची.

आमच्याकडे मेलेल्याच्या अंगावर आसवं पडू देत नाहीत. पडली तर त्याचा पाय इथून निघत नाही. शवपेटी झाकायच्या वेळी पोरगी बापावर ओणवली, तशी आ-किनने तिला दंड धरून मागे खेचलं. "रडू नकोस. जाऊ दे त्याला." पोरगी तिथल्या तिथे गप्प झाली. पुढे त्या घरात कुणी रडलं नाही आणि बुन-लिओंगचं नावही कुणी काढलं नाही. आ-किनला वाटलं, घर सावरलं.

कसलं सावरलं. यंदा शाळा सुरू झाली आणि पेई-शान गेलीच नाही. दार लावलं ते लावलंच. आ-किन पेजेचा वाडगा दाराशी ठेवी, रिकामा वाडगा दाराबाहेर येई. आत खोकला ऐकू आला तरी तिला तेवढ्यानं बरं वाटायचं. तिच्या मोबाइलमध्ये पोरीचा एक जुना आवाज राहिला होता: "आई, येताना सोयाचं दूध आण. गोडवालं हं, मागच्यासारखं चुकू नकोस." कामावर जाता-येता ती तो कानाला लावायची. आणि रोज गोड सोयादुधाचा डबा घेऊनच घरी यायची.

शेवटी शाळेनंच तालुक्याच्या गावातल्या एका केंद्रात वेळ ठरवून दिली. तिथे मुलांच्या मनाचं बघतात. त्या सकाळी दार उघडलं नाही. आ-किनने ठोठावलं, शिव्या घातल्या, विनवण्या केल्या. मग तिने दोरीवरचा पोरीचा शाळेचा शर्ट ओढला, पिशवीत कोंबला आणि बस पकडली.

यात तिचं काही चुकलं असं तिला वाटायचं कारण नव्हतं. पोर दचकलं, त्याचा जीव कुठे भरकटला, की आम्ही देवळात नेतो. पोर येत नसेल तर त्याचा शर्ट नेतो. देवळातली पिंग मावशी तांदळाच्या वाडग्यावर शर्ट गुंडाळते, उदबत्ती फिरवते, नाव घेऊन हाक मारते. घरी येऊन तो शर्ट पोराला घालायचा, जीव परत येतो.

बसच्या थांब्यावर शेडमधली आ-होआ भेटली. "अगं, शर्ट घेऊन डॉक्टरकडे? मग तांदूळ पण घ्यायचेस की."

"घेतलेत," आ-किन म्हणाली, आणि पिशवी दाखवली.

केंद्रातल्या ग्वो बाई वयाने लहान, पायात कॅनव्हासचे बूट. आ-किनने शर्ट टेबलावर ठेवला, शेजारी तांदळाची पुडी. "पोरगी आली नाही. हा तिचा शर्ट. तुमचं काय ते उरका, मी बाहेर बसते."

ग्वो बाई हसल्या नाहीत. "माझी आजी माझा शर्ट न्यायची. देवळात हाक कोण मारतं?"

"पिंग मावशी. मी हात जोडून उभी असते."

"इथे हाक तुम्हाला मारावी लागेल. बसा."

आ-किनचं डोकं सणकलं. "मला काय झालंय? जेवते, कामाला जाते. ज्याचं दुखतंय त्याला औषध द्या ना."

"ती आलीय कुठे?"

"म्हणजे हाताला लागेल त्यालाच सुई टोचणार."

"टोचणार," ग्वो बाई शांतपणे म्हणाल्या. "ती आली असती तरी तुम्हाला बसवलंच असतं. माझ्याकडे ती तासभर येणार. राहणार तुमच्याकडे."

आ-किन बसली. ग्वो बाईंनी शर्टाशी बोला म्हटल्यावर तिने एकदम तोफखाना सोडला. जेवलीस का, शाळेचं काय ठरवलंयस, समोरच्यांची मुलगी बघ.

"हे ती रोज दाराआडून ऐकते," ग्वो बाई म्हणाल्या. "दुसरं काही?"

शर्टाच्या कॉलरवर शाईचा डाग होता, तो आ-किन नखाने खरवडत राहिली. खरवडता खरवडता शवपेटीची गोष्ट बाहेर पडली, तो दंड धरून खेचणं, सगळं.

"आणि तुम्ही? तुम्ही रडलात कधी?"

"कशी रडणार? त्याला जायचं होतं."

"मग गेले ते?"

आ-किनने शर्टाची घडी घातली, पुन्हा मोडली. "नाही," ती म्हणाली. "संध्याकाळी गल्लीत स्कूटर वाजली की त्याचीच वाटते, आणि पेजेत एक मूठ तांदूळ जास्तीचे पडतात माझ्या हातून. मग तेही मीच खाते. म्हणून ही अशी जाडी झालेय."

"पेई-शानला ठाऊक आहे हे?"

"तिला कशाला सांगू? पोरीला त्रास."

"तिला वाटत असेल, आई विसरली."

यावर आ-किन उठून गेली. दार आपटून गेली. पुढच्या गुरुवारी परत आली, भांडली, पुन्हा गेली, पुन्हा आली. शेडमध्ये बायका चिडवायच्या, "काय गं, शर्टाची शाळा कशी चाललीय?" ती म्हणायची, "शर्ट हुशार आहे. मीच नापास होते."

मग एकदा तिन्हीसांजेला वाडगा दाराशी ठेवून ती उठलीच नाही. शर्ट मांडीवर घेऊन, दाराला पाठ लावून खाली बसली. शाळेचं काढलं नाही. जेवणाचं काढलं नाही.

"बुन-लिओंगला शीळ वाजवता यायची नाही," ती म्हणाली. त्या घरात दोन वर्षांनी ते नाव निघालं. "नुसती हवा जायची. तरी गल्लीच्या तोंडापासून फुसफुस करत यायचा, आणि तू सांगायचीस, बाबा आला. मला कधी ऐकू यायचं नाही. तुला कसं यायचं गं? हल्ली मी रोज कान देऊन बसते. मला तो हवाय, शान. मला अजून हवाय तो."

मग आसवं आली, शर्टावर पडली. तिने पुसली नाहीत. शर्ट दाराच्या मुठीला अडकवला आणि बसून राहिली.

आतून उशीत तोंड खुपसून रडल्याचा आवाज आला. आ-किनचा हात दारावर गेला. दार ढकलावं, पोरीला छातीशी घ्यावं, असं तिला इतकं वाटलं की बोटं दुखली. तिने हात मागे घेतला. एकदा खेचून झालं होतं. दोघी रडल्या, एक आत, एक बाहेर.

सकाळी मुठीला शर्ट नव्हता.

एवढंच झालंय. "आई" ही हाक अजून आलेली नाही. दार बंदच असतं, मात्र गल्लीकडची खिडकी हल्ली उघडी असते. आ-किन गुरुवारी केंद्रात जाते, येताना गोड सोयादूध आणते, आणि संध्याकाळी दाराशी बसून नवऱ्याची एखादी गोष्ट सांगते. तिच्याकडच्या गोष्टी संपत आल्यात.

म्हणून तुम्ही कधी बुदाईला आलात, त्या गल्लीतून गेलात, तर "पोरगी बोलली का?" असं तिला विचारू नका. बुन-लिओंगला ओळखत असाल तर त्याची एक तरी गोष्ट तिला सांगा. ओळखत नसाल तर तो कसा होता ते विचारा. नाव घेऊन विचारा, आणि खिडकीखाली उभं राहून, जरा मोठ्यानं.