गीझरच्या बटणावरचे ठिपके

आमच्या कुडव्यातल्या घरात गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, मागच्या व्हरांड्यात बसवलेला आहे. ज्योतीला मोकळी हवा लागते, तो आत बसवू नका, हे माझ्या पत्नीनं बसवणाऱ्याला आधीच बजावलं होतं. दरवर्षी दिवाळी झाली की ती मेकॅनिकला बोलवायची आणि त्याचं काम संपेपर्यंत शेजारी स्टुलावर बसून राहायची. मी त्या वेळी पुढच्या खोलीत वाचत असे. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केलेल्या माणसाला घरात तेवढी सवलत होती.

ती गेली त्याला आता नऊ महिने झाले.

नोव्हेंबरात माझ्या सासुरवाडीला, केशोरीला, धानाची कापणी सुरू झाली. घरची सगळी माणसं दिवसभर शेतावर, म्हणून मेहुण्यानं आपल्या आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, आठ दिवसांसाठी माझ्याकडे आणून सोडलं. त्या ऐंशीच्या पुढच्या, गुडघे धरलेले. लेक असतानाही त्या आमच्याकडे दोन रात्रींहून जास्त कधी राहिल्या नव्हत्या. जावयाच्या घरी पाहुणचार घेत बसणं त्यांना अवघड वाटे. पण या वेळी तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की घरात पुन्हा दुपारी रेडिओ वाजतो आहे, आणि भाजीत मीठ कमी पडलं तर मला कुणीतरी तसं सांगतं आहे. त्यांनी निदान हिवाळाभर राहावं असं मला वाटू लागलं. बोललो मात्र नाही. मला असलं बोलायला जमत नाही.

अडचण आली ती पाण्याची. गेल्या हिवाळ्यात आम्ही दवाखान्यातच होतो, त्यामुळे गीझरकडे कुणी पाहिलं नव्हतं. नळ सोडला की तो टिकटिक करी आणि पेटत नसे. मी शेगडीवर पितळी गंजात पाणी तापवलं आणि बादली उचलून न्हाणीघराकडे निघालो. सासूबाई दारातच उभ्या.

“जवाईबापू, ठेवा ती बादली खाली. सासूच्या आंघोळीचं पानी जवाई वाहून राहिला, लोक काय म्हनतील?”

“इथं लोक कोण आहेत, आई?”

“मी आहो ना लोक!”

दुसऱ्या दिवशी मी उठण्याआधीच त्यांची आंघोळ झाली होती. चहाचा कप देताना त्यांच्या बोटांना माझी बोटं लागली. त्यांची बर्फासारखी गार होती. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, “रविवारी पोरगा येऊन राहिला. जाईन मी त्याच्यासंगं. तिथं सून चुलीवर पानी तापवते. तिनं दिलं त मले काई वाटत नाई.”

तो गुरुवार होता. पत्नीच्या वहीत ‘गीझरवाले भाऊ’ असा एक नंबर होता, तो मी लावला.

शुक्रवारी मेकॅनिक आला आणि त्यानं पहिल्यांदा विचारलं, “मॅडम?” मी सांगितलं. त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाला, “मागल्या साली फोन नाई आला, तवाच मले कसंतरी वाटलं होतं.” आणि व्हरांड्याच्या कोपऱ्यातलं स्टूल त्यानं माझ्याकडे सरकवलं. “बसा सर. मॅडम इथंच बसायच्या.”

मी बसलो. त्यानं सिलिंडर बंद केला, गीझरचं झाकण उतरवलं. बर्नरवर कोळ्यानं जाळं विणलं होतं. ते ब्रशनं काढून त्यानं एकेक भोक बारीक तारेनं मोकळं केलं. पाणी आत येतं तिथली जाळी काढली तर तिच्यात तांबूस गाळाचा गोळा. सेल नवे घातले, गॅसची नळी बदलली, जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते पाहिलं. आला नाही. नळ सोडला. टिकटिक झाली, ज्योत नाही.

त्यानं मग एक पितळी भाग उघडला आणि आतून रबराची काळी चकती काढली. “हा पडदा. पानी आलं का फुगते, सुईले ढकलते, मंग गॅस सुटते. आता पाहा, पापड झाला. मॅडमले म्हनत होतो बदला म्हनून. त्या म्हनत, चालते तवर चालू दे.” त्यानं चकती बोटांनी वाकवली, ती चिरली. “मॉडेल पुराना है सर. उद्या मार्केटमधे पाहतो. मिल गया तो ठीक, नाईतर नवाच घ्या.”

“नवा कधी बसल?” सासूबाईंनी दारातून विचारलं.

“मंगळवारी, माँजी.”

“तवर त मी केशोरीले.”

मेकॅनिक गीझरचं बटण फडक्यानं पुसू लागला आणि थांबला. “हे टिपके ठेवू का पुसू?”

बटणाच्या कडेनं सहा लाल ठिपके होते. मी ते रोज पाहिले होते आणि कारखान्यातूनच आलेले समजत होतो. त्यानं सांगितलं, “सर्व्हिसिंग झाली का मॅडम नेलपॉलिशनं टिपका लावत. बटन इथवर फिरवलं का ज्योत पेटते, अशी खूण. दर साली पडदा कडक होते, टिपका पुढं सरकते.”

“माही पोरगी नेलपॉलिश लावे?” सासूबाईंना पटेना.

“गीझरले लावे, माँजी.”

त्या पदर तोंडाशी धरून हसू लागल्या. हसता हसता डोळे पुसले आणि पुन्हा हसल्या. कपाटाच्या खणात मला एक लाल बाटली सापडली होती, ती कुण्या भाचीची असेल असं मी धरून चाललो होतो.

“राहू द्या ते,” मी मेकॅनिकला म्हणालो. नव्या गीझरवर ते ठिपके नसते, हेही तेव्हाच मनात आलं.

शनिवारी दिवसभर माझं वाचनात लक्ष नव्हतं. दिवेलागणीला तो आला, खिशातून कागदाची पुडी काढली. आत रबराची नवी चकती. ती बसवून त्यानं बटण शेवटच्या, सहाव्या ठिपक्यावर ठेवलं आणि नळ सोडला. ज्योत भप्पकन उठली. त्यानं बटण मागं घेतलं, आणखी मागं घेतलं. पाचवा गेला, चौथा गेला. ज्योत निळी आणि शांत झाली तेव्हा बटण पहिल्या ठिपक्यावर होतं.

“घ्या,” तो म्हणाला, “पैल्या सालावर आला.”

रविवारी सकाळी सासूबाईंनी स्वतः नळ सोडला. व्हरांड्यात ज्योतीचा आवाज बराच वेळ चालला होता. त्या बाहेर आल्या तोवर मेहुणा येऊन बसला होता.

“चाल माय, आवरलं का?”

“मळनी झाली?”

“नाई, बाकी हाय.”

“मंग मले कायले नेऊन राहिला? घरी कोन हाय? माही शाल आन लोकरीची टोपी आनून दे. संक्रांत झाल्यावर पाहू.”

मेहुण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चहा टाकायला आत गेलो.

दुपारी मी खणातली ती लाल बाटली काढली आणि गीझरखालच्या कोनाड्यात ठेवली. बटण पहिल्या ठिपक्यावरच होतं, त्यामुळे यंदा नवा लावायचं काम नव्हतं. नवा पडदा जुन्या ठिपक्यांवरच नेमका थांबेल असं नाही, तेव्हा पुढच्या दिवाळीनंतर मात्र बहुधा लागेल.